झाकणं, बरण्या आणि परत येणं: खेळघरातली वही

८ जानेवारी २०२४

आजपासून ही वही. खेळघरात नऊ मुलं आहेत, सगळी तीन ते साडेचार वर्षांची. सकाळचा एक तास मोकळ्या खेळाचा. मोठी माणसं दोनच, मी आणि माझी सहकारी. गेल्या महिन्यात तीन पालकांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं, "ताई, याचं मन कशातच रमत नाही हो." एकीने विचारलं, पुढे शाळेत कसं व्हायचं? तो प्रश्न घरी गेल्यावरही माझी पाठ सोडेना.

दहा आठवडे ठरवले आहेत. रोज एकदोन मुलांकडे दहा-दहा मिनिटं नुसतं बघायचं. कागदावर तीन रकाने: काय हातात घेतलं, किती वेळ, आणि सोडण्याच्या अगदी आधी काय घडलं. तिसरा रकाना सहकारीच्या आग्रहावरून घातला, मला तो जादाचा वाटत होता.

उद्देश लिहून ठेवते: मुलं एका खेळात आत्तापेक्षा जास्त वेळ टिकली पाहिजेत.

मुलांची नावं वहीत येणार नाहीत. टोपणनावं ठेवीन.

९ जानेवारी

पहिला कागद भिरभिऱ्याचा. टोपणनाव पटकन सुचलं, कारण तो खरोखरच भिरभिरत असतो. वय साडेतीन. दहा मिनिटांत सात वस्तू. ठोकळे घेतले, दोन रचले, तिसरा हातात धरूनच गाडीकडे. गाडी अर्ध्या चटईपर्यंत नेली. मग खडू, कागदावर एक रेघ. मग खिडकी. मग बरण्या आणि झाकणांचं तबक, मग दुसऱ्याच्या रेल्वेच्या रुळांवर पाय, मग पुन्हा खिडकी. सगळ्यात जास्त टिकला तो बरण्यांपाशी, तेही दोन मिनिटांच्या आतच.

वयाच्या दर वर्षामागे दोन ते पाच मिनिटं लक्ष टिकतं, असा एक ठोकताळा सर्रास ऐकू येतो. त्या हिशेबाने साडेतीन वर्षांच्या मुलाचं लक्ष सात ते साडेसतरा मिनिटं. इतकं ढगळ माप मी वापरणार नाही. शिवाय हाच मुलगा परवा दाराच्या कडीशी खेळत होता, लाव-काढ, लाव-काढ, आम्ही त्याला तिथून उचलून आणेपर्यंत. त्या वेळी कुणी घड्याळ लावलं नव्हतं.

याच्याकडे दिवसाआड बघायचं ठरवलं.

११ जानेवारी

आज पाणीवालीचा कागद. सव्वातीन वर्षांची. एका हातात तोटीचं छोटं भांडं, दुसऱ्या हाताने बाटलीची मान घट्ट धरलेली. ओतताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते आणि श्वास थांबतो. धार नेमकी बाटलीच्या तोंडात पडली की खांदे सैल होतात. बाटली भरली की बादलीत रिकामी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथी बाटली गळ्यापर्यंत आली होती आणि मी म्हणाले, "वा! किती छान ओततेस!" तिने मान वर केली, माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यात धार बाहेर गेली, बाही भिजली. तिने भांडं खाली ठेवलं आणि हात पुढे केला, पुसून द्या म्हणून. त्यानंतर ती पाण्याकडे गेली नाही.

तिसऱ्या रकान्यात "ताई बोलली" असं लिहावं लागलं.

मग आधीचे कागद काढले. "हा कुठला रंग?" "किती झाले, मोज बघू." "आधी नाक पूस." "अरे इकडे ये, हे बघ काय आहे!" ही सगळी वाक्यं माझी आणि सहकारीची, आणि प्रत्येकीच्या पुढच्या ओळीत खेळ सोडल्याची नोंद. एकही वाक्य वाईट हेतूने बोललेलं नाही. कौतुकाचंच होतं, शिकवण्याचं होतं. पण मूल जिथे बुडालं होतं तिथून त्याला वर ओढून काढणारं होतं.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला सुरू केलेल्या बालगृहातली एक हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. साधारण तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत दट्टे बसवत होती. काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचे हात थांबले नाहीत. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केलं आणि मग आपणहून थांबली. ही हकिकत मला पाठ होती. मुलांना गुंग होता येतं याचा पुरावा म्हणून मी ती सांगत आले. ती खुर्ची उचलणारी बाई मी रोज होते आहे आणि माझी मुलं त्या मुलीइतकी घट्ट नाहीत, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

१६ जानेवारी

फळ्या रिकाम्या केल्या. आमच्याकडे खेळणी उदंड, आणि सगळी मांडलेली. भरलेली फळी बघून आम्हालाच बरं वाटायचं.

अमेरिकेतल्या टोलीडो विद्यापीठात ३६ लहान मुलांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो छापून आला. दीड ते अडीच वर्षांची मुलं, प्रत्येकाला एकदा चार खेळण्यांबरोबर आणि एकदा सोळा खेळण्यांबरोबर पंधरा मिनिटं खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ राहिली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. आमची मुलं त्यांच्याहून मोठी आहेत, तरी करून बघण्यासारखं आहे.

सहा तबकं ठेवली. ठोकळे, बरण्या-झाकणं, पाणी, खडू-कागद, बाहुली आणि तिची पांघरुणं, रेल्वे. प्रत्येकाच्या मध्ये हात फिरेल एवढी मोकळी जागा. बाकीचं कपाटात, दर दोन आठवड्यांनी एकदोन वस्तूंची अदलाबदल.

पहिला दिवस कठीण गेला. मुलं रिकाम्या जागांपुढे उभी राहून "ते कुठे गेलं?" विचारत होती. एकजण आपल्या खोदायच्या गाडीसाठी इतका रडला की त्याचा श्वास लागला. गाडी लगेच काढून दिली आणि नियम दुरुस्त केला: ज्या वस्तूत एखाद्याचा जीव आहे ती फळीवरून हलणार नाही. लक्ष वाढवायच्या नादात मुलाच्या हातातला आधारच काढून घ्यायचा, हे मला चालणार नाही.

झाकणांतली सगळ्यात लहान दोन काढून टाकली. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी घशात अडकण्याची चाचणी ज्या नळकांड्याने करतात त्याची रुंदी ३१.७ मिलिमीटर असते. त्यात मावणारी वस्तू धोक्याची. आमची मुलं तीनच्या पुढची असली तरी एकजण अजून सगळं तोंडात घालतो.

१८ जानेवारी

मागे हळू आवाजात चालणारी गाणी बंद केली. मुलांसाठी म्हणून लावायचो, ऐकायचो आम्हीच. २००८ चा एक अभ्यास वाचनात होता: एक, दोन आणि तीन वर्षांची ५० मुलं खेळत असताना खोलीत मोठ्या माणसांचा टीव्हीवरचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलांनी त्याकडे अधूनमधून काही क्षणच पाहिलं, तरी त्यांचे खेळ आखूड झाले. कान बंद करता येत नाहीत.

आता पाण्याचा आवाज ऐकू येतो. लाकडावर लाकूड ठेवल्याचाही.

२३ जानेवारी

भिरभिऱ्याचे आतापर्यंतचे कागद रात्री शेजारी शेजारी मांडले. मिनिटांच्या रकान्यात फारसा फरक नाही. दीड, दोन, सव्वादोन. हिरमुसायला झालं.

मग वस्तूंचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. बरण्या, खिडकी, बरण्या, गाडी, बरण्या. दुसऱ्या कागदावर बरण्या, खिडकी, खिडकी, बरण्या. प्रत्येक वेळी मी त्याच्यापुढे "सोडलं" असं लिहिलं होतं. तो सोडत नव्हता. जाऊन येत होता.

दोन ठिकाणी बरण्यांच्या पुढे "चटईवर नुसता उभा" असं लिहिलेलं सापडलं. आठवून पाहिलं तेव्हा छातीत कळ आल्यासारखं झालं. तो खिडकीशी गेला की आमच्यापैकी कुणीतरी बरण्या उचलून तबकात रचून फळीवर ठेवत होतं. "खेळून झालं की जागेवर" हा आमचाच नियम. तो परत यायचा तेव्हा चटई रिकामी असायची. त्याने उघडून ठेवलेली तीन झाकणं, त्यांचा त्याने लावलेला क्रम, सगळं पुसलेलं. तिथे थोडा वेळ उभा राहून तो दुसरीकडे वळायचा. आणि आम्ही म्हणायचो, पाय ठरत नाही याचा.

उद्देशाची ओळ आज बदलली. खोडून लिहिलं: मुलाला आपल्या खेळाकडे परत येता आलं पाहिजे.

आणि हे टोपणनावही आजपासून बंद. इथून पुढे तो झाकणवाला.

२५ जानेवारी

अर्धवट फळी तयार केली. खिडकीखालची खालची फळी, मुलांच्या कमरेएवढी. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक जाड कार्ड, त्यावर त्यानेच निवडलेलं चित्र. खेळ मध्येच सोडून जायचं असेल तर तबक या फळीवर ठेवायचं, वर आपलं कार्ड. कार्ड आहे तोवर ते तबक कुणी उचलायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. ठोकळ्यांची इमारत उचलता येत नाही, म्हणून तिच्याभोवती दोरीचं कडं टाकायचं. तासाच्या शेवटीच आवराआवर.

सहकारीची शंका रास्त होती: मग बाकीच्यांना वस्तू कशा मिळणार? बरण्यांचा दुसरा संच काढला. ठोकळे तसे भरपूर आहेत. रेल्वेवरून भांडण होणार, ते होईल तेव्हा बघू.

(झालंच, त्याच दिवशी. दोन कार्डं एकाच इंजिनावर. दोघं मिळून खेळली नाहीत, पण दोघांनी आळीपाळीने कार्ड काढलं-ठेवलं आणि त्यातच वीस मिनिटं गेली. कार्डाचाच खेळ झाला.)

३० जानेवारी

आज झाकणवाल्याच्या शेजारी बसले. समोर नाही, शेजारी, त्याच्या खांद्याला समांतर. स्वतःला घातलेली अट अशी: तो ज्याकडे बघेल त्याकडेच बघायचं आणि तो माझ्याकडे बघेपर्यंत बोलायचं नाही.

साधारण एक वर्षाच्या बाळांवर इंडियाना विद्यापीठातल्या चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे. बाळ आणि आई-वडील दोघांच्या डोळ्यांच्या हालचाली खेळताना टिपल्या. मोठ्या माणसाची नजर बाळाच्या हातातल्या वस्तूवरच टिकली, तर त्याने नजर काढून घेतल्यावरही बाळ त्या वस्तूकडे जास्त वेळ पाहत राहतं. आपण मुलाच्या लक्षाला सोबत करतो ती अशी, त्याच्या मागे जाऊन. आपल्या आवडीची वस्तू त्याच्या नाकासमोर हलवणं ही उलटी तऱ्हा झाली.

गप्प बसणं फार अवघड गेलं. दोनदा ओठ उघडून मिटले.

पण शेजारी बसल्यामुळे जे दिसलं ते लांबून तीन आठवड्यांत दिसलं नव्हतं. दाबून बसणारी झाकणं तो सहज लावतो. आट्यांचं झाकण आलं की वरून तळहाताने दाबतो. बसत नाही. जोरात दाबतो, बरणी सटकते. एकदा आपटून बघतो. मग उठून खिडकीशी. कंटाळून उठत नव्हता, अडून उठत होता. खिडकी ही त्याची दम खायची जागा.

आज खिडकीवरून परतला तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी फक्त बरणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याने दाबलं. मी म्हटलं, "हे फिरतं." त्याने फिरवलं, उलट्या बाजूला. झाकण वर आलं. त्याच्या कपाळावर आठी. मी झाकण टेकवून अर्धा वेढा दिला आणि हात काढून घेतले. उरलेला वेढा त्याने दिला. आटे धरले तेव्हा एक बारीकशी करकर झाली. ती त्याने ऐकली. झाकण काढलं, पुन्हा लावलं, कान बरणीला लावून. करकर. परत काढलं.

घड्याळ बघायचं राहून गेलं. सहकारी म्हणते बारा मिनिटं तरी झाली असतील.

१९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा जुळवायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती नेमकी काय मदत करते ते टिपलं. मुलाला कामात ओढून घेणं, अवघड भाग थोडा सोपा करणं, वाट सुटू न देणं, वैताग वाढू न देणं, आणि अगदी गरज पडली तर करून दाखवणं. या मदतीला त्यांनी बांधकामातल्या परांचीचं नाव दिलं. परांची भिंतीला टेकून असते, भिंत झाली की काढायची. माझा अर्धा वेढा तेवढाच होता. पूर्ण झाकण मी लावून दिलं असतं तर करकर त्याला ऐकू आली नसती.

१ फेब्रुवारी

वाळूचं घड्याळ आणलं, पाच मिनिटांचं. कल्पना अशी की वाळू पडेपर्यंत एकाच खेळात राहायचं. मुलं खेळ सोडून वाळू बघत बसली. चौघंजण हनुवटी टेबलावर टेकवून. पाणीवाली कुजबुजली, "ती पण ओततेय."

घड्याळ आता खेळणं म्हणून फळीवर. मोजणी म्हणून बंद.

६ फेब्रुवारी

आज कुणाचंच काही टिकेना. रडारड, ढकलाढकली, तबकं उपडी. आदल्या दोन दिवसांत मुलं बाहेर गेली नव्हती हे नंतर ध्यानात आलं. अर्ध्या तासानंतर सगळं थांबवलं आणि खोलीतच अंगाची कामं काढली: उशांची पोती ओढत न्यायची, टेबलाखालून रांगत जायचं, भिंत दोन्ही हातांनी ढकलायची, "हलली का? अजून जोरात!" वीस मिनिटांनी पोरं लालबुंद होऊन चटईवर पडली. मग तबकं मांडली. त्यानंतरचा खेळ आठवड्यातला सगळ्यात शांत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० मिनिटं दमवणारी. झोप १० ते १३ तास. पडद्यासमोर एका तासाच्या वर नाही, कमीच बरं. मी हे आकडे पालकांना नेहमी सांगायचे, पण आपल्या तासाची बांधणी मात्र आधी बैठे खेळ, मग मैदान अशी केली होती. उद्यापासून आधी अंगाचे खेळ.

१३ फेब्रुवारी

टेबलाखालची. तीन वर्षं पूर्ण होऊन महिना झालाय. तिच्या कागदांवर मी ओळीने "खेळ नाही" लिहिलं आहे. ती टेबलाखाली बसते, फ्रॉकची कड चावते आणि बघते.

आज ठोकळ्यांपाशी कुणी नव्हतं. ती बाहेर आली आणि पूल बांधला. दोन उभे, वर एक आडवा, आडव्यावर मधोमध छोटा. हा पूल खोदायच्या गाडीवाला गेले चार दिवस बांधतोय. छोटा ठोकळा मधोमध ठेवायची त्याची खोड आहे, तीसुद्धा तिने उचलली होती. पहिल्या प्रयत्नात बांधला, एकदाही न पाडता.

मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यात एकट्याचा खेळ आहे, शेजारी शेजारी बसून आपापला खेळ आहे, मिळून केलेला खेळ आहे आणि नुसतं बघणंही आहे. बघणाऱ्याचा खेळ डोळ्यांत चाललेला असतो. चार दिवस टेबलाखाली बसून एकाच पुलाकडे बघणाऱ्या मुलीला मी लक्ष नसलेली म्हणत होते.

तिचे जुने कागद फाडले नाहीत. "खेळ नाही" वर काट मारून "बघत होती" लिहिलं, तारखेसकट.

२० फेब्रुवारी

पालकांशी बोलणं. तिघांना वेगवेगळं भेटले, एकत्र बोलावलं की मुलांची तुलना सुरू होते.

झाकणवाल्याच्या वडिलांना कागद दाखवले. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "म्हणजे घरी तो टाकून जातो ते लगेच उचलायचं नाही?" एवढंच करा म्हटलं. घराचा एक कोपरा, एक टेबल, काहीही, जिथे अर्धवट राहिलेलं तसंच राहील. आणि दिवसातून दहा मिनिटं शेजारी बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, काही न शिकवता. ते म्हणाले, दहा मिनिटं गप्प बसणं जमेल का माहीत नाही. मलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं, ते सांगितलं.

दुसऱ्या आईने थेट विचारलं, "एडीएचडी असेल का?" म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार. मी डॉक्टर नाही आणि खेळघरातून कुणी निदान करू नये. जे नक्की माहीत आहे तेवढं सांगितलं. चंचलपणा हा या वयाचा स्वभावच आहे. निदान करताना तज्ज्ञ बघतात की हे सहा महिने किंवा जास्त टिकून आहे का, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतं का, आणि त्याने मुलाचं रोजचं जगणं अडतं का. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी त्यातही पहिला उपाय पालकांना मुलाशी वागण्याचं प्रशिक्षण हा आहे, औषध नंतर. काळजी मनात कुरतडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला संकोच करू नका, कागदांच्या प्रती मी देईन. मुलाला दाखवणं म्हणजे त्याच्यावर शिक्का मारणं नव्हे. हे दोनदा सांगावं लागलं, कारण तिचे डोळे भरले होते.

तिसऱ्याचं वेगळं आहे. सर्दीनंतर तो पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, समोरून मारली तर लगेच येतो. गोष्ट सांगताना उठून जातो. कान तपासून घ्या असं सुचवलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहिलं तर काही काळ कमी ऐकू येतं, दुखत नाही, त्यामुळे कुणाला कळत नाही. बाहेरून ते दुर्लक्षासारखंच दिसतं.

२७ फेब्रुवारी

तासाच्या शेवटी होणारा गोंधळ. "चला, आवरा!" म्हटलं की सगळीकडून "नाहीऽऽ". जी मुलं टिकायला लागली आहेत तीच आता जास्त रडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आता पाच मिनिटं आधी एकेकाजवळ जाऊन, वाकून, त्याच्याच खेळाच्या भाषेत सांगते. "अजून दोन बाटल्या." "गाडीच्या शेवटच्या तीन फेऱ्या." मिनिटं त्यांना कळत नाहीत, फेऱ्या कळतात. तरीही राहिलं तर उद्यासाठी कार्ड. कालची इमारत आज तशीच सापडली तेव्हा खोदायच्या गाडीवाला तिच्याभोवती दोरीच्या कड्यावरून एक गोल फिरला, पाहणी केल्यासारखा, आणि मग आत शिरला.

आणि हो, त्या तिसऱ्या मुलाच्या कानात पाणी निघालं. डॉक्टरांनी काही आठवडे लक्ष ठेवून पुन्हा तपासायचं सांगितलंय. आम्ही तोवर समोर जाऊन, खाली बसून बोलतो.

५ मार्च

बरण्या आजारी पडल्या. सुरुवात पाणीवालीने केली. एका बरणीत पाणी ओतलं, झाकण लागेना, तर म्हणाली, "हिचा घसा दुखतोय." झाकणवाला तिथेच होता. त्याने बरणी हातात घेऊन कानाला लावली. "करकर नाही होत." मग बाहुलीचं पांघरूण आलं, बरणी झोपली. बाकीच्या बरण्या रांगेत, नंबर लावून. टेबलाखालची बाहेर येऊन रांगेच्या शेवटी बसली, स्वतःच आजारी म्हणून.

मी एक शब्द बोलले नाही. सहकारीने माझा दंड घट्ट धरला होता.

खेळाला गोष्ट मिळाली की एकेका मुलाला लक्ष ओढून धरावं लागत नाही, गोष्टच त्यांना धरते. आजारी बरणीला झोपवून कुणी कसं निघून जाईल? झाकणवाला मध्ये दोनदा खिडकीशी गेला. दोन्ही वेळा आला, एकदा येताना तिथून "औषध" घेऊन आला, मुठीत काहीच नव्हतं. तिने मूठ उघडून घेतलं आणि बरणीला पाजलं.

१४ मार्च

शेवटचा आठवडा. पालकांना द्यायचं टिपण वेगळं लिहिते आहे, इथे फक्त आजचं.

झाकणवाल्याची एकेक बैठक सरासरीने थोडी वाढली आहे, फार नाही. परत येणं मात्र रोज आहे, आणि आज त्याने एकाच तासात पाच वेळा बरण्या गाठल्या. मोठ्या तोंडाचा डबा अजून त्याच्याने लागत नाही, झाकण तिरकं बसतं. तिसऱ्यांदा तिरकं बसलं तेव्हा तो उठला. मला वाटलं खिडकी. तो अर्धवट फळीकडे गेला, आपलं कार्ड शोधलं, परत येऊन डब्यावर ठेवलं, मग खिडकीशी गेला.

सहकारी आवरायला वाकली तेव्हा तो तिथूनच ओरडला, "ताई, माझं राहिलंय!"

ती डबा तसाच ठेवून मागे झाली. उद्या त्याच मापाचा, पण आटे थोडे खोल असलेला डबा कपाटातून काढायचा आहे. कार्डाला डिंक लावायचा, कोपरा उचकटला आहे.